राउटर ओट्याशेजारी नको

श्रोतेहो, नमस्कार. फायबरची वायर घेऊन आलेला माणूस दारात उभा राहून पहिला प्रश्न विचारतो, "डबा कुठे लावायचा?" आपण बहुतेक वेळा दाराजवळचा प्लग दाखवतो, नाहीतर टीव्हीची मागची बाजू. अर्ध्या तासात काम उरकतं. पुढे मात्र वर्षानुवर्षं आतल्या खोलीतून हाका येत राहतात, "नेट गेलं का?"

राउटरची जागा राउटरच्या किमतीपेक्षा महत्त्वाची. हे मी पुन्हा सांगणार आहे, कारण रेडिओ ऐकताना कोणी वही घेऊन बसत नाही. आधी जागा ठरवा, मग वायर ओढायला सांगा.

जागा घराच्या मध्याजवळ हवी, पाचसहा फूट उंचीवर आणि उघड्यावर. टीव्हीमागे नको, लोखंडी कपाटावर नको, मोठ्या आरशाला खेटून नको, माळ्यावरच्या पाण्याच्या टाकीजवळ नको. धातू लहरी परतवतो, पाणी त्या शोषून घेतं. आणि स्वयंपाकघरात तर नकोच नको. का, ते सांगण्यासाठी तुम्हाला ऑस्ट्रेलियात न्यावं लागेल.

सिडनीच्या पश्चिमेला साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास पार्क्स नावाचं गाव आहे. गावाबाहेर ६४ मीटर व्यासाची रेडिओ दुर्बीण १९६१ पासून उभी आहे. १९६९ साली माणूस चंद्रावर उतरला, तेव्हा जगाने टीव्हीवर जे पाहिलं त्यातला मोठा भाग याच तबकडीने पकडला होता.

या दुर्बिणीच्या नोंदींत १९९८ पासून अधूनमधून एक चमत्कारिक स्पंद दिसायचा. अगदी क्षणाचा. वरच्या फ्रीक्वेन्सीवर आधी, खालच्यावर किंचित उशिरा. खूप लांबून, दुसऱ्या आकाशगंगेतून आलेल्या लहरी अशाच दिसतात. पण एक गोष्ट जुळत नव्हती. ही दुर्बीण एका वेळी आकाशातल्या १३ ठिकाणांवर लक्ष ठेवू शकायची. लांबचा स्पंद एखाद्दुसऱ्या ठिकाणीच दिसायला हवा. हा तेराही ठिकाणी एकदम उमटायचा. म्हणजे उगम जवळचा, जमिनीवरचाच. शास्त्रज्ञांनी त्यांना पेरिटॉन असं नाव दिलं.

प्रश्न फक्त कुतूहलाचा नव्हता. २००७ साली खगोलशास्त्रज्ञ डंकन लोरिमर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच दुर्बिणीच्या जुन्या नोंदींतून एक स्पंद जाहीर केला होता, आणि तो आपल्या आकाशगंगेच्या पलीकडून आलेला आहे असं त्यांचं म्हणणं होतं. पेरिटॉन जमिनीवरचे असतील, तर तोही तसलाच कशावरून नाही? एवढा मोठा शोध त्या शंकेत अडकला.

कोणी म्हणालं, ढगांतली वीज असेल. पण वेळा मांडून पाहिल्या, तर पेरिटॉन यायचे कामाच्या वेळेत, आणि त्यातही पुष्कळसे दुपारी, जेवणाच्या सुमारास. वीज काही डब्याची वेळ पाहून कडाडत नाही.

२०१४ च्या डिसेंबरात आवारातला रेडिओ गोंगाट टिपणारं नवं यंत्र बसवलं गेलं. जानेवारीत एकाच आठवड्यात तीन पेरिटॉन आले. एमिली पेट्रॉफ तेव्हा पीएच.डी. करत होत्या. त्यांनी आणि सहकाऱ्यांनी दोन्ही नोंदी शेजारी शेजारी ठेवल्या. दुर्बीण ऐकत होती १.४ गिगाहर्ट्झच्या आसपास, आणि नेमक्या त्याच क्षणी नव्या यंत्रात २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास गोंगाट उठलेला. २.४ म्हटल्यावर संशय कोणावर जाणार? मायक्रोवेव्ह ओव्हनवर. आवारात तीन होते.

मग परीक्षा सुरू झाली. पाणी भरून ओव्हन लावला. वेळ संपली, ओव्हन आपोआप बंद झाला, दुर्बिणीत काही नाही. मग टायमर चालू असतानाच कोणीतरी दार उघडलं, आणि पेरिटॉन हजर! ओव्हनच्या आत मॅग्नेट्रॉन नावाची नळी लहरी तयार करते. चालू ओव्हनचं दार उघडलं की ती बंद पडते, पण बंद पडता पडता एक शेवटचा झटका देते, आणि तोवर दार उघडलेलं असतं. तबकडी योग्य कोनात वळलेली असली की तो झटका पकडला जायचा. इतक्या वर्षांचं कोडं, आणि मुळाशी काय, तर जेवण गरम झालं की नाही हे पाहण्याची घाई. लोरिमर यांचा स्पंद मात्र यातला नव्हता. तसे स्पंद पुढे जगभरच्या दुर्बिणींना सापडले.

पेट्रॉफ आणि मंडळींनी हे सगळं २०१५ साली शोधनिबंधात रीतसर छापलं, आपल्याच आवारातल्या ओव्हनसकट. मला वाटतं, हा निबंध नववी-दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकात धड्यासारखा यावा. आपली मुलं नियम पाठ करतात, पण शंका कशी तपासायची हे त्यांना कोणी दाखवत नाही. आपल्या जुन्नर तालुक्यात खोडदला ४५ मीटरच्या ३० तबकड्यांची दुर्बीण आहे. तिथे पाहुण्यांना मोबाइल बंद ठेवायला सांगतात, ते याच कारणासाठी. विज्ञानदिनाला मुलांना जरूर घेऊन जा.

आणि आणखी एक. ऑस्ट्रेलियातल्या ज्या सीएसआयआरओ या सरकारी संशोधन संस्थेची ही पार्क्सची दुर्बीण, तिथल्याच जॉन ओसुलिव्हन आणि सहकाऱ्यांनी भिंतींवरून उसळून एकमेकांत मिसळणारे रेडिओ संदेश वेगळे करण्याची युक्ती काढली. तिला १९९६ साली अमेरिकेत पेटंट मिळालं, आणि ती पुढे वायफायच्या कामी आली. ओसुलिव्हन आधी कृष्णविवरांच्या स्फोटाचे स्पंद शोधत होते. ते सापडले नाहीत, पण त्या शोधात कमावलेलं गणित इथे उपयोगी पडलं.

आता ओट्याकडे. तुमचा ओव्हन चालतो २.४५ गिगाहर्ट्झवर, आणि राउटरचा एक पट्टा २.४ चाच. ओव्हन शेकडो वॉटचा, राउटर वॉटच्या दहाव्या भागाचा. दारातून निसटणारं थोडंसंही राउटरला भारी पडतं. म्हणून पुन्हा सांगतो: राउटर ओट्याशेजारी नको.

राउटरचा दुसरा पट्टा ५ गिगाहर्ट्झचा. तो वेगवान असतो, पण एकदोन भिंतींत दमतो. त्याच खोलीतला टीव्ही आणि लॅपटॉप ५ वर घ्या. लांबचा फोन, प्रिंटर आणि स्मार्ट बल्ब २.४ वर, बहुतेक स्मार्ट बल्बना ५ दिसतच नाही. २.४ वर चॅनल १, ६ किंवा ११ यांपैकीच निवडा आणि रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेवा. मधले आकडे घेतलेत, तर दोन्ही बाजूंच्या शेजाऱ्यांशी टक्कर होते.

वेळ थोडा उरलाय, सेटिंग भराभर सांगतो. राउटरच्या पोटावरच्या स्टिकरवर पत्ता असतो, बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१. तो ब्राउझरमध्ये टाका. पहिलं काम, अॅडमिनचा पासवर्ड बदला. वायफायचा पासवर्ड वेगळा आणि अॅडमिनचा वेगळा. सुरक्षेत डब्ल्यूपीए-३ घ्या, जुनी उपकरणं जोडली जात नसतील तर डब्ल्यूपीए-२. डब्ल्यूपीएस, म्हणजे बटण किंवा पिनने झटपट जोडण्याची सोय, बंद करा. कंपनीने इंटरनेटसाठी युजरनेम-पासवर्ड दिला असेल तर तो कागदावर लिहून ठेवा, कारण टाचणीने रीसेटचं बटण दाबलं की तो पुसला जातो आणि मग वायरवाल्याची वाट पाहणं आलं.

आतल्या खोलीसाठी दुसरा राउटर लावताय? भिंतीतून कॅट-६ केबल न्या, लॅन पोर्टातून लॅन पोर्टात जोडा आणि दुसऱ्याचं डीएचसीपी, म्हणजे उपकरणांना पत्ते वाटण्याचं काम, बंद करा. नाहीतर दोघंही पत्ते वाटायला बसतात आणि फोन गोंधळतात. त्याआधी दुसऱ्याचा पत्ता बदला, तो पहिल्यासारखाच असू नये. घर बांधतानाच प्रत्येक खोलीत एक रिकामा पाइप टाकणं बिल्डरांना सक्तीचं करायला हवं, असं माझं ठाम मत आहे. संगमरवरावर जाणाऱ्या खर्चापुढे तो पाइप काहीच नाही.

प्लॅन २०० एमबीपीएसचा आणि वेगाची मोजणी ९४-९५ वर अडकते? मग पोर्ट १००चं आहे, किंवा केबलच्या आठ तारांपैकी एखादी नीट दाबली गेलेली नाही. फायबरच्या डब्यावरचा एलओएसचा, म्हणजे सिग्नल तुटल्याचा, दिवा लाल झाला तर फायबर कुठे मुडपलंय ते पाहा. त्याचा वळसा वाटीच्या गोलाईपेक्षा लहान नको. फायबरच्या हिरव्या टोकाला बोट लावू नका आणि त्यात डोळा घालून पाहू नका.

लोडशेडिंगसाठी छोटा यूपीएस घेताना अॅडाप्टरवरचे व्होल्ट वाचा. ९ व्होल्टच्या राउटरला १२ दिले तर तो जळू शकतो. फायबरचा डबा आणि राउटर वेगवेगळे असतील, तर दोघांनाही यूपीएस लागतो. नुसता राउटर चालू राहिला तर फोनवर वायफायची खूण पूर्ण दिसते आणि इंटरनेट मात्र येत नाही. नमस्कार.