आधी दुजोरा, मग बातमी: वॉल्टर क्रॉन्काइट यांची कारकीर्द

२२ नोव्हेंबर १९६३ च्या दुपारी न्यूयॉर्कमधील सीबीएस या अमेरिकी दूरचित्रवाणी वाहिनीच्या वृत्तकक्षात कॅमेरा तयार नव्हता, कारण त्या काळी कॅमेरा तापून चित्र देऊ लागेपर्यंत बराच वेळ जात असे. त्यामुळे राष्ट्राध्यक्ष केनेडी यांच्यावर डॅलसमध्ये गोळीबार झाल्याची पहिली बातमी वृत्तनिवेदक वॉल्टर क्रॉन्काइट यांनी १ वाजून ४० मिनिटांनी, चालू मालिका थांबवून, केवळ आवाजातून दिली. पडद्यावर तेवढी अक्षरांची पाटी होती.

पुढचा तासभर केनेडी यांच्या निधनाच्या वार्ता एकामागून एक येत राहिल्या आणि डॅलसमधील सीबीएसचे वार्ताहर डॅन रादर यांच्याकडूनही तसेच कळले. तरीही क्रॉन्काइट वार्ता कोणाकडून आली हे सांगत आणि तिला अधिकृत दुजोरा मिळालेला नाही, हेही त्याच दमात स्पष्ट करीत. २ वाजून ३८ मिनिटांनी वृत्तसंस्थेचा कागद हाती आला. चष्मा लावून त्यांनी तो वाचला, चष्मा काढून घड्याळाकडे पाहिले आणि मृत्यूला ३८ मिनिटे झाल्याचे सांगितले. क्षणभर आवाज अडकला. मग ते उपराष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांच्याविषयी बोलू लागले.

ही शिस्त स्टुडिओत लागलेली नव्हती. १९१६ मध्ये मिझुरी राज्यात जन्मलेल्या क्रॉन्काइट यांनी युनायटेड प्रेस या वृत्तसंस्थेसाठी दुसरे महायुद्ध आणि नाझी नेत्यांवरील न्युरेंबर्गचा खटला यांचे वार्तांकन केले होते. १९५० मध्ये ते सीबीएसमध्ये आले आणि १९६२ मध्ये सायंकाळच्या बातमीपत्राचे निवेदक झाले. व्यवस्थापकीय संपादकपदही त्यांनी स्वतःकडे घेतले, म्हणजे कोणती बातमी घ्यावी, यातही त्यांचा शब्द चाले.

१९६८ मध्ये व्हिएतनामहून परतल्यावर, हे आपले वैयक्तिक मत आहे असे बजावून, युद्ध कोंडीत अडकले असून वाटाघाटी हाच मार्ग उरतो, असे त्यांनी सांगितले. ‘क्रॉन्काइट हातचे गेले, म्हणजे देशच गेला’ अशा अर्थाचे उद्गार तोवर राष्ट्राध्यक्ष झालेल्या जॉन्सन यांनी त्यावर काढल्याचे आजही सांगितले जाते. परंतु कार्यक्रम प्रसारित होत असताना जॉन्सन टेक्सासमधील एका समारंभात होते, म्हणजे त्या वेळी तो त्यांनी पाहिलाच नव्हता. क्रॉन्काइट यांच्या टेबलावरून ही वार्ता पुढे सरकली नसती.

६ मार्च १९८१ रोजी ते बातमीपत्रातून निवृत्त झाले. दूरचित्रवाणीच्या अर्ध्या तासात वर्तमानपत्राच्या एका पानाइतकाही मजकूर मावत नाही, ही तक्रार मात्र या माध्यमाच्या सर्वांत विश्वासू चेहऱ्याने अखेरपर्यंत सोडली नाही.