‘जरा नजर टाका’ म्हणजे नक्की काय टाकायचं?

नमस्कार. आयोजकांनी मला फोनवर सांगितलं होतं की मॅडम शुद्धलेखनावर बोला, सगळी उद्योजक मंडळी आहेत, त्यांनाही जरा भाषेचं वळण लागू दे. मी म्हटलं शुद्धलेखनावर बोलायला लागले तर मागच्या दोन रांगा चहाला उठतील, त्यापेक्षा मी पैशावर बोलते. आणि पुणेरी पाट्यांवरही बोलणार नाहीये, ते सगळं तुम्हाला व्हॉट्सॲपवर येऊन गेलेलं असतं.

माझं काम मुद्रितशोधन आणि संपादन. सुरुवात शनिवार पेठेतल्या एका प्रेसमध्ये झाली, तेव्हा पुस्तकं, दिवाळी अंक असं असायचं. आता बरंचसं काम कंपन्यांचं येतं, म्हणजे भोसरी-चाकणच्या कारखान्यांची मॅन्युअल्स, बिल्डरांची ब्रोशर्स, पतसंस्थांचे वार्षिक अहवाल, क्लासेसची माहितीपत्रकं. या सगळ्यांत एक गोष्ट सारखी, की काम माझ्याकडे येतं तेव्हा ते संपलेलं असतं. डिझाइन झालेलं, मालकांना आवडलेलं, प्रेसवाल्याला तारीख दिलेली, आणि मग संध्याकाळी सहाला मेल येतो की मॅडम जरा नजर टाका, उद्या सकाळी छपाईच्या प्लेटला द्यायचंय.

नजर टाकून ह्रस्व-दीर्घ सापडतं हो. पण त्याने तुमचे पैसे वाचत नाहीत. पैसे वाचतात ते शंकांमुळे. मी काम परत पाठवते तेव्हा दुरुस्त केलेल्या फाइलसोबत एक वेगळा कागद असतो, शंकांचा, आणि खरं सांगायचं तर तुम्ही मला पैसे देता ते त्या कागदाचे. त्यावर काय असतं? पान ३ वर वॉरंटी दोन वर्षं लिहिलीय आणि पान ११ वर १८ महिने, कुठलं खरं? दरपत्रकात वरती ‘जीएसटीसह’ आहे आणि खाली टोटलमध्ये जीएसटी परत लावलाय, चालेल का? नकाशात दोन लिफ्ट दिसतायत, मजकुरात तीन. आता यात शुद्धलेखनाची चूक एकही नाहीये बघा, ‘दोन वर्षं’ पण शुद्ध आणि ‘१८ महिने’ पण शुद्ध, त्यामुळे लाल रेघ कुठेच येत नाही. ज्याने लिहिलं त्याला दिसत नाही कारण तो कागद वाचतच नसतो, त्याला काय म्हणायचं होतं ते तो डोक्यातून वाचत असतो. मला तुमचा प्रॉडक्ट माहीत नाही, तुमच्या मीटिंगमध्ये काय ठरलं माहीत नाही, म्हणून मला दिसतं. त्या अज्ञानाची फी घेते म्हणा हवं तर.

आता या विषयावर बोलायला लागलं की एक अमेरिकन गोष्ट हमखास निघते, स्वल्पविरामाची. मेन नावाच्या राज्यात ओकहर्स्ट डेअरी म्हणून कंपनी आहे, तिच्या ड्रायव्हर लोकांनी ओव्हरटाइमसाठी केस केली. कुठल्या कामांना ओव्हरटाइम नाही याची कायद्यात यादी होती, डबाबंद करणं, सुकवणं, साठवणं असं करत शेवटी ‘पाठवण्यासाठी किंवा वितरणासाठी पॅकिंग’ अशा अर्थाचे शब्द, आणि मूळ इंग्रजीत ‘किंवा’च्या आधी स्वल्पविराम नव्हता. म्हणजे वितरण हे वेगळं काम धरायचं की वितरणासाठीचं पॅकिंग एवढंच धरायचं? ड्रायव्हर वितरण करतात, पॅकिंग करत नाहीत. २०१७ मध्ये अपील कोर्ट म्हणालं की वाक्याचे दोन अर्थ निघतात, आणि निकाल ड्रायव्हरांच्या बाजूने दिला. २०१८ मध्ये कंपनीने ५० लाख डॉलर देऊन मिटवलं. गोष्ट भारी आहे, पण माझे व्यवसायबंधू ती सांगताना एक गोष्ट गिळतात, की तो मजकूर कंपनीने लिहिलेलाच नव्हता, कायदेमंडळाने लिहिला होता. कंपनीने जगातला सगळ्यात महागडा मुद्रितशोधक ठेवला असता तरी त्याला कायदा कुठून दुरुस्त करता येणार. म्हणून मी ती गोष्ट विकायला वापरत नाही.

त्यापेक्षा कार्डिफची ऐका. तिथे टेलर अँड सन्स नावाची शंभर वर्षांच्या वरची इंजिनीअरिंग कंपनी होती. २००९ मध्ये ब्रिटनच्या सरकारी कंपनी नोंदणी कार्यालयाने ती दिवाळखोरीत गेल्याची नोंद केली. बुडालेली कंपनी दुसरीच होती, टेलर अँड सन. इंग्रजीतलं एक शेवटचं अक्षर. नोंद नंतर सुधारली, पण तोवर बातमी सप्लायर लोकांपर्यंत गेलेली, उधारी बंद, ऑर्डरी गेल्या, आणि कंपनी खरंच बुडाली. २०१५ मध्ये कोर्टाने त्या कार्यालयाला जबाबदार धरलं. तुम्ही सगळे क्रेडिटवर माल घेणारे आहात, त्यामुळे उधारी बंद म्हणजे काय ते मी तुम्हाला सांगायला नको.

आपल्याकडे असं काही होत नाही असं वाटत असेल तर इथे बिल्डर मंडळी किती आहेत? हां, बरेच आहेत. तुमच्या जाहिरातीत महारेराचा, म्हणजे राज्याच्या गृहप्रकल्प नियामकाचा, नोंदणी क्रमांक लागतो, १ ऑगस्ट २०२३ पासून क्यूआर कोड पण लागतो. तो क्रमांक म्हणजे सुरुवातीला इंग्रजी अक्षर आणि पुढे लांबलचक आकडा, एक अंक इकडचा तिकडे झाला की तो दुसऱ्याच कुणाच्या प्रकल्पाचा होऊ शकतो आणि तुमच्या जाहिरातीवर नोंदणी नसल्यासारखंच झालं. आणि क्यूआर कोड! तो डोळ्यांनी वाचता येत नाही, त्यामुळे सगळे त्याला चित्र समजतात. जुन्या प्रोजेक्टच्या जाहिरातीवरून डिझाइन उचललं की जुना कोड तसाच येतो. मी प्रत्येक कोड मोबाइलने स्कॅन करते, प्रत्येक फोन नंबर लावून बघते, लोकांना वाटतं बाई विक्षिप्त आहे. वाटू दे.

बाकीच्यांसाठी ग्राहक संरक्षण कायदा २०१९ आहेच. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला उत्पादकाला १० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो आणि पुन्हा केली तर ५० लाखांपर्यंत. आता कुणी म्हणेल आम्ही काय मुद्दाम फसवतोय का. नाही फसवत. पण ‘५० टक्के सूट’च्या डोक्यावरची ती छोटी चांदणी डिझायनरने घाण दिसते म्हणून काढली, आणि तळाला ‘निवडक वस्तूंवर’ ही ओळ तशीच राहिली, ती कशाला लागू आहे ते कुणालाच कळत नाही, तर लक्ष्मी रोडवर काउंटरला उभा राहिलेला गिऱ्हाईक तुमचा हेतू विचारणार नाहीये.

मराठीचा वेगळा त्रास सांगते, कारण तो इंग्रजी पुस्तकांत सापडत नाही. इथे बऱ्याच जणांकडे जुना मजकूर श्री-लिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये आहे, दहा वर्षांपूर्वीचं मॅन्युअल, संस्थेची घटना वगैरे. त्यातल्या बऱ्याच फॉन्टमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप व्हायची आणि रफार नंतर, म्हणजे डोळ्याला दिसतं त्या क्रमाने, आणि आता सगळीकडे चालणाऱ्या युनिकोडमध्ये उच्चाराच्या क्रमाने, वेलांटी अक्षरानंतर आणि रफार आधी. जुना मजकूर युनिकोडमध्ये नेणाऱ्या कन्व्हर्टरला हे उलटंपालटं करायचं असतं आणि तो मध्येच कुठेतरी हुकतो, मग ‘वार्षिक’चं ‘वािर्षक’ होतं. हे तरी दिसतं. पण रफार पूर्णच गळला तर ‘कार्य’चं ‘काय’ होतं, आणि ‘काय’ हा चांगला धडधाकट शब्द आहे, तो कुठलाच स्पेलचेकर धरणार नाही. तसंच इनडिझाइनमध्ये, म्हणजे पानं लावायच्या सॉफ्टवेअरमध्ये, भारतीय भाषांचा कंपोझर निवडलेला नसला की जोडाक्षरं फुटतात. वर्डमध्ये सगळं छान दिसत होतं, मालकांनी वर्डची फाइलच मंजूर केली, आणि छापून आलं तेव्हा ‘प्रकल्प’चे पाय मोडलेले. म्हणून माझा नियम असा की शेवटचं वाचन प्रेसला जाणाऱ्या पीडीएफवरच. वर्डवर मंजुरी म्हणजे मंजुरी नाही.

आणि याहून मोठी गोष्ट, ही कारखानदारांनी लिहून घ्या. इंग्रजीत ‘डू नॉट’ वाक्याच्या तोंडाशी येतं. आपल्याकडे नकार शेवटी, ‘नका’, ‘नये’, ‘नाही’. आता इंग्रजी सूचनेच्या मापाचा चौकोन केलेला असतो, त्यात मराठी मजकूर ओतला, मराठी जरा जास्त जागा खाते, आणि शेवटचा शब्द चौकोनाबाहेर गेला. सॉफ्टवेअरमध्ये कोपऱ्यात एक लाल अधिकचं चिन्ह येतं, ते मराठी न येणारा डिझायनर बघतही नाही. बोर्डावर राहतं काय? ‘मशीन चालू असताना गार्ड काढू’. पुढचं गायब. इंग्रजी वाक्याचं शेपूट तुटलं तर निदान ‘करू नका’ एवढं तरी शिल्लक राहतं, मराठीत तेच जातं. आकड्यांचंही तसंच, आपला १ इंग्रजी नजरेला त्यांच्या 9 सारखा दिसतो, त्यामुळे ज्या तक्त्यात दोन्ही प्रकारचे अंक मिसळलेत तो तक्ता मी परतच पाठवते, एक काहीतरी ठरवा म्हणते.

दुकानाच्या पाट्यांचं थोडक्यात. राज्याच्या दुकानांच्या कायद्यातल्या २०२२ च्या दुरुस्तीनंतर लहान दुकानांनाही मराठी पाटी सक्तीची झाली, सप्टेंबर २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने दोन महिने दिले, आणि त्या दोन महिन्यांत फ्लेक्सवाल्यांनी जे काही करून ठेवलंय ते तुम्ही रोज सिग्नलला थांबून वाचताच. स्वतःच्या दुकानाचं नाव मोठ्या अक्षरात चुकतं याचं लोकांना आश्चर्य वाटतं. मला नाही वाटत. सगळ्यात मोठी अक्षरं सगळ्यात कमी वाचली जातात, कारण ती बरोबरच असणार असं सगळे धरून चालतात. बारीक अक्षरांतही सुटतंच म्हणा. ऑस्ट्रेलियाने २०१८ मध्ये ५० डॉलरची नवी नोट काढली, तिच्यावर बारीक अक्षरात एका शब्दात चूक, ४ कोटी ६० लाख नोटा चलनात गेलेल्या. तिथे नुकसान काही झालं नाही, नोट नोटच राहते. तुमचं कॅटलॉग ही नोट नाहीये.

आता तुमच्या सगळ्यांच्या मनातला प्रश्न. एआय फुकटात करून देतं, मग तुम्हाला कशाला बोलवू? मी स्वतः वापरते, उगाच सोवळं नको. दोनदा पडलेले शब्द, स्पेस, इंग्रजी स्पेलिंग यात ते माझ्यापेक्षा चांगलं आहे, न थकता करतं. प्रॉब्लेम वेगळा आहे. त्याला चुकीचा मजकूर दिला की ते तो गुळगुळीत करून देतं, आणि गुळगुळीत वाक्यावर मग कुणीच शंका घेत नाही. मूळ वाक्य अडखळत होतं तेव्हा निदान कुणीतरी थांबून विचारलं असतं. शॉप फ्लोअरच्या भाषेचं तर विचारूच नका, ‘जॉब चकमध्ये घट्ट पकडा’, म्हणजे घडवायचा तुकडा यंत्राच्या पकडीत घट्ट बसवा, या वाक्याचं सुधारित रूप मी ‘नोकरी घट्ट धरा’ असं पाहिलंय, सल्ला वाईट नाही, पण लेथवर उपयोगाचा नाही. शिवाय ते तुमच्या परचेसवाल्याला फोन करून ‘अहो, हा टॉर्क नक्की एवढाच ना?’ असं विचारत नाही. आणि न उघडलेल्या टेंडरचा मजकूर कुठल्याही फुकट वेबसाइटवर टाकण्याआधी निदान तुमच्या वकिलांना विचारा.

२००५ मध्ये टोकियोच्या शेअर बाजारात मिझुहो सिक्युरिटीजच्या एका माणसाला एक शेअर ६ लाख १० हजार येनला विकायचा होता, त्याने टाकलं ६ लाख १० हजार शेअर एक येनला. तेवढे शेअर त्या कंपनीचे मुळात अस्तित्वातच नव्हते. कॉम्प्युटरने इशारा दिला होता, तो बाजूला सारला गेला. नुकसान साधारण ४,००० कोटी येन. मशीन सांगतं, पण त्या इशाऱ्याकडे बघून थांबणारा माणूस लागतो, आणि ज्याने टाइप केलंय तो थांबत नाही.

सगळंच माझ्याकडे आणा असं मी म्हणत नाहीये. रोजचे मेल, ग्रुपवरचे निरोप, आतल्या नोट्स, यावर पैसे घालवू नका, लोक समजून घेतात. जे हजारांत छापलं जाणार, ज्यावर सही होणार, ज्यात दर आहेत आणि ज्याच्याने कुणाचा हात तुटू शकतो, ते द्या. आणि देताना तीन गोष्टी वेगळ्या आहेत हे लक्षात ठेवा. मजकूर कच्चा असताना संपादन, त्यात परिच्छेद इकडचे तिकडे होतील, अर्धा मजकूर उडेल पण. मग भाषा आणि सारखेपणा बघायचा, कंपनीचं नाव सगळीकडे एकसारखं, ‘प्रा. लि.’ एकाच पद्धतीने, तारखा एकाच पद्धतीने, त्याचा एक पानी कागद बनवून ठेवला की पुढच्या वेळी काम निम्मं. आणि सगळ्यात शेवटी मुद्रितशोधन. डिझाइन झाल्यावर मला संपादन सांगितलं तर मी एक ओळ काढली की सहा पानं हलतात आणि डिझायनर माझ्याशी बोलणं सोडतो.

एक चिठ्ठी आलीय, की आम्ही छोटे आहोत, बाहेरचा माणूस परवडत नाही, तर मालकाने स्वतः वाचलं तर चालेल का. मालक सोडून कुणीही चालेल. अकाउंट्सच्या माणसाला दर आणि बेरजा द्या, त्याला आकड्यांचा संशय असतोच. मजकुरासाठी असा कुणीतरी घ्या जो नुकताच लागलाय. दोघांना बसवा, प्रेसमध्ये आम्ही तसंच करायचो, एकाने मूळ कागद मोठ्याने वाचायचा, आकडे एकेक अंक सुटा करून, विरामचिन्हांसकट, आणि दुसऱ्याने छापायच्या पानावर बोट ठेवून बघायचं. वीस-पंचवीस मिनिटांनी अदलाबदल, नाहीतर दोघंही पेंगतात. दुरुस्ती करून आलेलं पान परत पूर्ण वाचायचं, नुसती दुरुस्ती नाही, कारण एक चूक काढताना शेजारी दुसरी पडते. आणि जेवणानंतर हे काम देऊ नका.