लिहायचं फेदरस्टनहॉ, म्हणायचं फॅनशॉ

फळ्यावर रोमन लिपीत लिहिलेल्या ‘Featherstonehaugh’ या इंग्रजी आडनावाची अक्षरं मोजलीत तर १७ भरतील. दिसतं तसं वाचलं तर ‘फेदरस्टनहॉ’. पण ज्यांचं ते आहे, त्यांच्यातले पुष्कळजण स्वतःची ओळख ‘फॅनशॉ’ अशी करून देतात. सगळे नाहीत बरं का. काही घरांत ते पूर्ण उच्चारतात. म्हणजे नवख्या माणसाची दोन्हीकडून पंचाईत! शिवाय ‘फॅनशॉ’ असंच लिहिलं जाणारं निराळं आडनाव आहे, ते डर्बीशरमधलं. त्याचा इथे संबंध नाही.

आपण बोलतोय ते आडनाव उत्तर इंग्लंडमधल्या नॉर्दम्बरलँडचं. हॉल्टव्हिसलजवळ साउथ टाइन नदीकाठी फेदरस्टन किल्ला आजही उभा आहे, तिथलं. ‘फेदर’ म्हणजे पीस, हे शाळेत शिकलेलं जरा बाजूला ठेवा. जुन्या इंग्रजीत समासात आलेल्या या शब्दाचा अर्थ ‘चार’ असा होई. चार शिळा: तीन उभ्या आणि त्यांच्यावर आडवी टाकलेली चौथी, असं प्रागैतिहासिक स्मारक. शेवटचं ‘हॉ’ म्हणजे नदीकाठची सपाट जमीन; कृष्णाकाठची मंडळी तिला मळई म्हणतील. चार शिळांजवळची मळई, इतका साधा पत्ता आहे हा. बोलण्यात मधली आघात नसलेली अक्षरं झिजली, ‘स’ आणि ‘ह’ एकमेकांना भिडून ‘श’ झाला. लिखाणानं मात्र एकही दगड हलू दिला नाही.

मला जास्त रस आहे तो हे नाव टिकलं कसं, यात. रक्तानं टिकलं असं आपण धरून चालतो. ससेक्समधल्या अपपार्क वाड्याची हकीकत ऐका. १७४७ मध्ये सर मॅथ्यू फेदरस्टनहॉ यांनी तो विकत घेतला. (हे घराणं दोन अक्षरं गाळून १५ वर भागवतं.) त्यांचा मुलगा सर हॅरी रंगेल गडी. तरुणपणी त्यानं एमा नावाच्या मुलीला तिथे आणून ठेवलं होतं. तीच पुढे लेडी हॅमिल्टन, म्हणजे नौसेनापती नेल्सनची प्रेयसी, म्हणून गाजली. १८२५ मध्ये सत्तरीतल्या हॅरीनं आपल्याच दूधघरात काम करणाऱ्या मेरी ॲन बुलक हिच्याशी लग्न केलं. ती होती विशीची! १८४६ मध्ये तो वारला, १८७४ मध्ये ती गेली आणि वाडा आला तिची बहीण फ्रान्सिस हिच्याकडे. तिनं ‘बुलक’ सोडून सरळ ‘फेदरस्टनहॉ’ लावलं. लेखक एच. जी. वेल्स यांची आई याच फ्रान्सिसबाईंच्या पदरी हाऊसकीपर होती. बाई १८९५ मध्ये गेल्या, मागे मूलबाळ नाही. पुढच्या वारसांनी इस्टेटीबरोबर आडनावही उचललं: आधी टर्नर-फेदरस्टनहॉ, मग मीड-फेदरस्टनहॉ.

याच आडनावाचे एक भूगर्भशास्त्रज्ञ १८४८ मध्ये फ्रान्समधल्या ल हाव्र बंदरात ब्रिटिश कॉन्सल होते. क्रांतीत गादी गमावलेला राजा लुई फिलिप वेष पालटून तिथे पोचला. त्याला गुपचूप इंग्लंडच्या बोटीत बसवायचं होतं. फेदरस्टनहॉसाहेबांनी त्याला आपला काका केलं आणि नाव दिलं मिस्टर स्मिथ.