सोलापूर ते दादर, शून्य मिनिटांत: पण उतरायचं कसं?

मित्रहो, पत्रिकेवर प्रश्न छापलाय, 'टेलिपोर्टेशन हा प्रवासाचा आदर्श मार्ग ठरेल का?' टेलिपोर्टेशन म्हणजे मधलं अंतर न कापता इथून नाहीसं होऊन थेट तिकडे प्रकट होणं. त्याचं उत्तर देणारच आहे. पण त्याआधी एक मुद्दा मांडू द्या, कारण या विषयावरच्या चर्चेत तो हमखास राहून जातो. माणूस पाठवायचा कसा, हे सगळे विचारतात. पोचल्यावर तो उतरणार कसा, हे कुणीच विचारत नाही.

तेव्हा यंत्र तयार आहे असं धरून चालू. सोलापुरात एका खोलीत तुम्ही उभे आहात, कळ दाबली की दादर. कुर्डुवाडी नाही, दौंड नाही, वंदे भारतचे साडेसहा तासही नाहीत. आता नीट बघा. तुम्ही इथे खुर्चीत स्वस्थ बसलात असं तुम्हाला वाटतं. प्रत्यक्षात पृथ्वीच्या फिरण्याबरोबर सोलापूर सेकंदाला सुमारे ४४३ मीटर वेगाने पूर्वेकडे चाललंय, आणि तुम्हीही. मुंबई जरा उत्तरेला आहे, म्हणून तिचा वेग ४४० च्या आसपास. तीन-चार मीटरचा फरक, त्याने काय होतंय, असं वाटेल. पण खरा फरक दिशेचा आहे. सोलापूर ७५.९ अंश पूर्व रेखांशावर, मुंबई ७२.९ वर. जमीन गोल आहे, त्यामुळे आपली पूर्व आणि मुंबईची पूर्व यांच्यात तीन अंशांचा कोन पडतो. ४४० च्या वेगाला तीन अंश वळवायचं म्हणजे सेकंदाला २३ मीटरचा फरक. ताशी जवळपास ८५ किलोमीटर! म्हणजे इथे निवांत उभा असलेला माणूस मुंबईत प्रकट होताच तिथल्या जमिनीच्या हिशेबाने ८५ च्या वेगाने सुटलेला असतो.

कुठल्या दिशेला? इथे बरेच जण चुकतात. त्यांना वाटतं, आडवा फेकला जाईल. सोलापूर मुंबईच्या पूर्वेला, म्हणजे फिरण्याच्या दिशेने पुढे आहे. पुढच्या जागेवरची 'सरळ पूर्व' मागच्या जागेवरून पाहिली तर जमिनीत शिरताना दिसते. त्यामुळे त्या २३ मीटरपैकी २२ मीटरचा वेग सरळ खाली असतो, उरलेला थोडा ईशान्येकडे. सेकंदाला २२ मीटर म्हणजे पंचवीस मीटर उंचीवरून, आठ मजल्यांवरून पडल्यासारखं. पुण्याला गेलात तर कोन दोन अंशांचा, म्हणजे साधारण चार मजले. परतीच्या प्रवासात नेमकं उलटं. मुंबईचा माणूस सोलापुरात पोचला की वर उडतो आणि छताला धडकतो. पश्चिमेला जाणाऱ्याने फरशी सांभाळायची, पूर्वेला येणाऱ्याने छत. (हसू नका, हे उद्याच्या इमारतीचं नियोजन आहे.)

यावर उपाय आहे, आणि तो बांधकामाचा आहे. प्रवाशाला उघड्या खोलीत उतरवायचं नाही. आधीपासून त्याच वेगाने खाली धावणाऱ्या पाळण्यात उतरवायचं आणि पाळणा हळूहळू थांबवायचा. शरीराला स्वतःच्या वजनाइतकाच जादा भार द्यायचा ठरवलं, म्हणजे प्रवाशाला आपण दुप्पट जड झालोय असं वाटेल, तर थांबायला सव्वादोन सेकंद आणि सुमारे २५ मीटर खोलीचं विवर लागेल. दादरला २५ मीटरचं विवर खणायचं, त्यात पाणी शिरू द्यायचं नाही, आणि पाळण्याची वेळ सेकंदाच्या बारीक अंशापर्यंत साधायची. वेळ चुकली आणि पाळणा थांबलेला असताना माणूस आला, की आठ मजल्यांचा धक्का. सोलापूरच्या बाजूला विवर नको, मनोरा हवा. गुरुत्वाकर्षणच माणसाला थोपवेल, पण पंचवीस मीटर वर गेल्यावर तो पुन्हा खाली पडायच्या आत त्याला झेलावं लागेल.

लंडनचं विचारू नका असं म्हणणार होतो, पण विचाराच. रेखांशात ७६ अंशांचं अंतर आणि लंडनचा स्वतःचा वेग सेकंदाला जेमतेम २९० मीटर. दोन्ही जुळवलं तर फरक येतो सेकंदाला ४६५ मीटरच्या वर, म्हणजे आवाजापेक्षा जास्त. तोच सोसवेल असा भार ठेवला तर थांबायला पाऊण मिनिटाच्या वर आणि अकरा किलोमीटरचा तिरका बोगदा लागतो. प्रवास शून्य सेकंदाचा, ब्रेक अकरा किलोमीटरचा.

हा झाला वेग. आता उंची. सोलापूर समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरवर. सत्तर किलोचा माणूस तिथून समुद्रकाठी उतरला की सुमारे तीन लाख जूल ऊर्जा शिल्लक राहते. यंत्राने ती वेगळी काढून घेतली नाही तर ती शरीरातच उष्णता म्हणून उरणार. मानवी शरीराची विशिष्ट उष्णता (एक किलो एका अंशाने तापवायला लागणारी ऊर्जा) धरून गणित केलं तर ताप सव्वा अंश सेल्सियसने चढतो. ३७ चे ३८.२. मुंबईला पोचलेला प्रत्येक सोलापूरकर तापाने फणफणलेला! उलट लेहला गेलात, साडेतीन हजार मीटरवर, तर शरीर साडेआठ अंशांनी थंड पडतं. २८-२९ अंशांवर हृदयाची लय बिघडते. शिवाय तिथे हवेचा दाब आपल्या दाबाच्या सत्तर टक्क्यांच्या आसपास, कानाच्या पडद्याला जुळवून घ्यायला एक क्षणही नाही.

आता आपल्या रेल्वेकडे बघा. आगगाडी हे सगळे हिशेब वाटेतच चुकते करत जाते. लोणावळ्याहून कर्जतला उतरताना बोर घाटात ३७ मीटरला एक मीटर उतार आहे. तिथे गाडी जपून, वेग बांधून उतरते आणि उंचीची ऊर्जा ब्रेकमधून थोडी थोडी निघून जाते. दिशेचे ते तीन अंश सहा तासांत इतक्या सावकाश वळतात की तुमच्या चहाला तरंगही येत नाही. आपण ज्याला रखडपट्टी म्हणतो, त्यातला मोठा भाग म्हणजे हप्त्याहप्त्याने भरलेली किंमत. टेलिपोर्टेशन ती माफ करत नाही, पोचल्याबरोबर एकरकमी वसूल करतं. मला आज सांगायचं आहे ते हेच.

हवेचं राहिलंच. माणूस साधारण सत्तर लिटर जागा व्यापतो. तिथे आधीची हवा असेल तर ती रक्तात आणि स्नायूंत बुडबुड्यांच्या रूपाने सापडणार. खोली निर्वात केली तर माणूस गुदमरणार. म्हणून अदलाबदल हवी: तिकडची सत्तर लिटर हवा त्याच क्षणी इकडे. नाहीतर निघालेल्या जागी पोकळी होऊन कान बधिर करणारा स्फोट होईल.

...आयोजकांची चिठ्ठी आली आहे, दहाच मिनिटं उरलीत. तर मूळ प्रश्न जरा भरभर घेतो.

आतापर्यंत आपण अणूच उचलून नेणारं यंत्र पाहिलं. दुसरा प्रकार नुसती माहिती पाठवतो आणि माणूस तिकडच्या मालातून घडवतो. त्यात वेग-उंचीचा त्रास नाही, कारण माल तिथलाच. पण माल लागतो: सत्तर किलोच्या माणसासाठी ४३ किलो ऑक्सिजन, १६ किलो कार्बन, ७ किलो हायड्रोजन, पावणेदोन किलोच्या आसपास नायट्रोजन, किलोभर कॅल्शियम, चार ग्रॅम लोह. आषाढीला दहा लाख माणसं पंढरपुरात आली, सरासरी साठ किलोची, तर साठ हजार टन माल आधी तिथे नेऊन ठेवायचा. एक मालगाडी सुमारे पावणेचार हजार टन नेते, म्हणजे सोळा मालगाड्या. मग वारकऱ्यांनाच गाडीत बसवलेलं काय वाईट?

माहिती किती? शरीरात सुमारे ७ वर २७ शून्यं इतके अणू. प्रत्येकासाठी नुसते शंभर बिट (बिट म्हणजे शून्य किंवा एक, माहितीचा सर्वांत लहान तुकडा) धरले आणि सेकंदाला एक लाख कोटी बिट पाठवले, तरी सव्वादोन हजार कोटी वर्षं लागतात. विश्वाचं वय १३८० कोटी वर्षं.

खरं क्वांटम टेलिपोर्टेशन, म्हणजे कण न हलवता फक्त त्याची अवस्था दुसऱ्या कणात उतरवणं, १९९३ मध्ये बेनेट, ब्रासार्ड आणि त्यांच्या चार सहकारी शास्त्रज्ञांनी कागदावर मांडलं. एकमेकांत गुंतलेल्या दोन कणांपैकी एक इथे, एक तिकडे. पाठवायचा कण इथल्या कणासोबत मिळून मोजायचा, चारपैकी एक निकाल येतो, तो साध्या फोनने कळवायचा, तिकडच्या माणसाने त्यानुसार आपला कण वळवायचा, की पाठवायच्या कणाची अवस्था त्यात उतरते. फोन आल्याशिवाय काहीच होत नाही, म्हणून प्रकाशापेक्षा वेगवान काही नाही. १९९७ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ झायलिंगर यांच्या गटाने हे फोटॉनवर, म्हणजे प्रकाशाच्या कणावर, करून दाखवलं, तेव्हा त्यांच्या रचनेत चारपैकी एकच निकाल ओळखता येत होता. २०१७ मध्ये चीनच्या उपग्रहापर्यंत, १४०० किलोमीटरपर्यंत, ते जमलं. काचेच्या तंतूतून मात्र शंभर किलोमीटरला शंभरातला एक फोटॉन उरतो. सोलापूर-मुंबई अंतराला शंभर कोटींतला जेमतेम एक.

आणि पोचलेला माणूस तोच का? क्वांटम पद्धतीत मोजताक्षणी मूळ अवस्था पुसली जाते. १९८२ च्या प्रमेयानुसार अज्ञात अवस्थेची नक्कल करताच येत नाही, त्यामुळे दोन प्रती कधीच होत नाहीत आणि 'खरा कोण' हा वाद उठत नाही. नुसती मोजमापं घेऊन प्रत काढणाऱ्या यंत्रात मूळ माणूस इथेच उभा राहतो, आणि मग त्याचं काय करायचं, हे कुणीतरी ठरवायला लागतं. तशा यंत्रात मी कुणालाही पाठवू देणार नाही.

तेव्हा माणसांसाठी माझं उत्तर नाही असं आहे. कणांच्या अवस्थांसाठी मात्र ठाम हो. २०२३ मध्ये मंजूर झालेल्या राष्ट्रीय क्वांटम मिशनमध्ये दोन हजार किलोमीटरपर्यंतच्या सुरक्षित संदेशवहनाचं उद्दिष्ट आहे, आणि इथल्या तरुण अभियंत्यांना हात घालायला ते क्षेत्र खुलं आहे. प्रश्न असतील तर विचारा, पाच मिनिटं आहेत.