डब्यातलं बी आणि मातीतलं तण

नमस्कार मंडळी. आज बियांबद्दल बोलूया, म्हणजे आपण जपून ठेवतो त्या जुन्या वाणाच्या बियांबद्दल आणि न बोलावता उगवतं त्या तणाबद्दल. कांद्याचं बी एक-दोन वर्षांत थकतं, टोमॅटोचं चार-पाच वर्षं टिकतं. आणि तण? त्याचा एक किस्सा आहे, मला फार आवडतो.

साल १८७९, अमेरिकेतलं मिशिगन. तिथल्या कृषी कॉलेजात विल्यम बील नावाचे वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक. शेतकऱ्यांची कटकट एकच, हे तण उपटायचं तरी किती वर्षं? तर बीलसाहेबांनी काय केलं, २० बाटल्या घेतल्या, प्रत्येकीत ओलसर वाळू आणि २१ जातींच्या ५०-५० बिया, आणि कॉलेजच्या आवारात पुरून टाकल्या, बूच न लावता, तोंड खाली करून, म्हणजे आत पाणी साचणार नाही. दर ५ वर्षांनी एक बाटली काढायची, पेरून बघायचं. पण बिया मरायलाच तयार नाहीत! मग पुढच्या लोकांनी अंतर १० वर्षं केलं, नंतर २०. (हल्ली तीन महिन्यांत रिझल्ट दिसला नाही की प्रोजेक्ट गुंडाळतात, असो.) २००० साली काढलेल्या बाटलीत एका पिवळ्या फुलांच्या तणाच्या, व्हर्बॅस्कमच्या, ५० पैकी २३ बिया उगवल्या. २०२१ मध्ये पुन्हा एक काढली, पहाटेच्या अंधारात, नकाशा बघत, डोक्याला हिरवे दिवे लावून, अगदी चोरासारखं. १४२ वर्षांनी व्हर्बॅस्कम परत उगवलं! अजून ४ बाटल्या जमिनीत आहेत, शेवटची २१०० साली निघणार, आपण काही नसू बघायला.

अंधारात का, तर उजेड. नीट ऐका, उजेड. बऱ्याच तणांच्या बीला क्षणभर उजेड लागला तरी ते जागं होतं, म्हणून वाफा खोल उकरला की आठवड्यात हिरवागार. वरवर खुरपा, खोल उकरू नका. आपल्या भाजीच्या बीची ही झोपायची सवय माणसानेच मोडली, पेरलं की लगेच उगवणारंच बी पिढ्यान्‌पिढ्या निवडत गेलो ना आपण. त्यामुळे त्याला आपणच सांभाळायचं: आधी खडखडीत वाळवा, मग घट्ट झाकणाच्या डब्यात, थंड जागी. आधी वाळवा, मग डबा, उलटं केलं की बुरशी. आणि डब्यावर साल लिहा हो, "लक्षात राहील" म्हणणाऱ्याच्या कधीही लक्षात राहत नाही.

लव्हाळ्याचं विचाराल तर तो बीपेक्षा जमिनीतल्या गाठींवर जगतो, त्याला एक अख्खा कार्यक्रम लागेल, आणि मला आतून वेळ संपल्याची खूण करतायत. नमस्कार.