वाजंत्र्यांना आधी खुर्ची द्या

अध्यक्ष महाराज आणि परभणीकर मित्रहो,

पत्रिकेत विषय छापलाय 'जॅझचा वारसा आणि लोकांचा महोत्सव'. बाहेर चहाच्या टपरीवर एकाने विचारलंच, "सर, परभणीत जॅझ कामून?" मी त्यांना उलट विचारलं, तुमच्या वरातीत क्लॅरिनेट होतं ना? मागच्या रांगा माना डोलावतायत. पुढे डीजेवाली पिढी बसलीय, तिने जरा सोसावं.

क्लॅरिनेट, ट्रम्पेट आपल्याकडे पलटणीच्या बँडमधून वरातीत उतरले. तिकडे अमेरिकेत, जॅझच्या जन्मगावी न्यू ऑर्लिन्सलाही लष्करी बँडची वाद्यं कृष्णवर्णीय वस्त्यांतल्या पोरांच्या हाती पडली. त्यांचे आजे-पणजे गुलाम, रविवारी तेवढी काँगो स्क्वेअर नावाच्या मैदानावर नाचा-वाजवायची मुभा. आपल्याकडे बँडमध्ये कोण असतं? मातंग वस्तीतली, मुस्लिम मोहल्ल्यातली माणसं. त्यांच्यावाचून वरात हलत नाही आणि पंगतीत ती शेवटी. असो.

वरात चौकात अडली, नवरदेवाचे मित्र हलेनात, की मास्तर अंतरा लांबवतो, ध्रुवपद राखून ठेवतो आणि क्लॅरिनेटवाल्याला डोळ्याने खुणावतो, आता तू घे. समोर कागद नसतो. स्वरमेळाचा, म्हणजे एकाच वेळी वेगवेगळे सूर जुळवण्याचा भाग आपल्या बँडात नाही, हे कबूल. पण हे आयत्या वेळचं रचणं जॅझचंच.

आणि नातं नुसतं वरवरचं नाही. 1935 साली लिऑन ॲबीचा कृष्णवर्णीयांचा बँड मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात आला. त्या काळात गोव्याच्या वादकांनी हे संगीत उचललं. त्यातलेच आल्दोनाचे ट्रम्पेटवाले चिक चॉकलेट. लुई आर्मस्ट्राँग म्हणजे अमेरिकेतला जॅझचा बादशहा; चिकना भारताचे लुई आर्मस्ट्राँग म्हणायचे. ते आपल्या शेजारच्या पुणतांब्याच्या संगीतकार सी. रामचंद्रांना भेटले आणि 1951 चा 'अलबेला' सिनेमा झाला. त्यातल्या 'शोला जो भडके'वर न नाचलेला वऱ्हाडी दाखवा मला! म्हणजे जॅझ मराठवाड्यात आला तो लग्नातून.

आता माझं दुखणं. एका सांस्कृतिक महोत्सवात, गावाचं नाव घेत नाही, मला परिसंवादाला बोलावलं होतं. विषय, 'लोप पावणारी वाद्यपरंपरा'. फाटकाशी बँड उभा. लाल कोट, सोनेरी झालर, एप्रिल महिना. आपला एप्रिल मी तुम्हाला काय सांगू! पाहुणे पाचला यायचे ते साडेसातला आले. तोवर हुकूम असा की गाडी दिसली की वाजवायचं. मध्येच पाण्याचा टँकर आला, त्याच्यापुढेही वाजवलं. टँकरवाल्याने उतरून हात जोडले. (हसा, पण बँडला त्या दिवशी मनापासून दाद देणारा तो एकटाच.) पाहुणे आले, हार झाले, बँड थांबला. मी मास्तरांना म्हटलं, "चला आत, तुमच्यावरच बोलायचंय." दारात कार्यकर्त्याने अडवलं, "वाद्यं भाईर ठिवा, अन् खुर्च्या पासवाल्यायच्या हायेत." युफोनियमसारखं पितळी वाद्य काय चप्पल आहे बाहेर काढून ठेवायला? मी चिडलो, तर मास्तरच मला समजावू लागले, "जाऊ द्या सर, आमाला रातची दुसरी सुपारी हाय." ते गेले, आणि आत आम्ही चौघं विद्वान परंपरा का लोपते याची कारणं शोधत बसलो.

चिठ्ठी आली. पाच मिनिटं? अहो, महोत्सव तर अजून सुरूच झाला नाही. बरं, पळत सांगतो.

1970 साली न्यू ऑर्लिन्सला वारसा महोत्सव सुरू झाला, त्याच काँगो स्क्वेअरच्या परिसरात. पहिल्या वर्षी श्रोते साडेतीनशेच्या आसपास. युरेका ब्रास बँड वाजवत चालला होता, तिथे महेलिया जॅक्सन आल्या, कुणीतरी माइक हातात दिला आणि एवढी मोठी गायिका बँडबरोबर गाऊ लागली. आज तो महोत्सव एका ना-नफा संस्थेचा आहे; त्या पैशातून मुलांना फुकट संगीत शिकवतात. आपणही परभणीत बँडवाल्यांचा महोत्सव भरवू आणि एवढंच करू. बँडला लग्नाच्या दराने बिदागी, तीही आधी. उरलेल्यात वाद्यांची दुरुस्ती आणि सुट्टीत पोरांसाठी वर्ग.

तारीख? पितृपक्ष. अध्यक्षांच्या कपाळावर आठ्या पडल्या! पण बँडवाल्यांना त्या पंधरवड्यात एक सुपारी नसते. न्यू ऑर्लिन्सला बँड मयतीतही वाजतो, जाताना संथ, येताना नाचत. आपणही नव्वदी पार केलेल्या आजोबांना वाजतगाजत नेतोच की. तेव्हा सर्वपित्रीच्या आधीचा शनिवार-रविवार धरा, मैदानाचा अर्ज उद्याच टाका, दहाच्या आत आटपायचंय हे विसरू नका, आणि जनरेटर दोन सांगा.