टक्क्यांच्या रकान्यात न मावणारं

श्रोतेहो, नमस्कार. दहावीचा निकाल लागला की घराघरांत पहिला प्रश्न येतो, टक्के किती? भरपूर असले तर सायन्स, बेताचे असले तर कॉमर्स, आणि उरलेल्यांना आर्ट्स. ही उतरंड आपणच रचली. तीत मुलाच्या स्वभावाला जागाच ठेवली नाही.

मी कॉलेजात शिकवते. आमच्या सोसायटीच्या गणपतीची वर्गणी एक शाळकरी मुलगी सांभाळायची. आरती झाली की बाकीची पोरं पत्ते कुटायला बसत, आणि ही पावतीपुस्तक घेऊन जिन्याच्या पायरीवर. एकदा हिशेबात 40 रुपये कमी भरले. सगळे म्हणाले, "जाऊ दे गं." तिने एकेक स्थळप्रत पुन्हा वहीशी ताडून पाहिली. वहीत 510 च्या जागी 550 चढले होते. सापडलं तेव्हा उड्या मारत सगळ्यांना दाखवत सुटली. दहावीला तिला 91 टक्के पडले आणि घरच्यांनी सायन्स ठरवून टाकलं.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जॉन हॉलंड यांनी 1959 मध्ये व्यवसायनिवडीचा सिद्धांत मांडला. त्यातून पुढे सहा कल रूढ झाले: हातांनी काम करण्यात रमणारे, शोध घेणारे, कलेकडे ओढले जाणारे, माणसांना मदत करणारे, पुढाकार घेऊन पटवणारे आणि नोंदी-आकडे नेटके ठेवणारे. बहुतेकांत दोन-तीन कल मिसळलेले असतात. आपल्याकडेही 2016 मध्ये दहावीच्या मुलांची कल चाचणी सुरू झाली होती. पण मी पाहिलेल्या घरांत तो अहवाल गुणपत्रिकेखालीच दबून गेला.

मात्र स्वभाव हा कपाळावरचा शिक्का नव्हे. एका अबोल विद्यार्थ्याला मीच पत्रकारिता नको म्हणाले होते, त्याचं आजही वाईट वाटतं. तो समोरच्याचं तासभर शांतपणे ऐकून घ्यायचा. बातमीदाराला तेच तर लागतं! मी त्याचं न बोलणं पाहिलं, ऐकणं पाहिलंच नाही.

आमच्या त्या मुलीने दोन वर्षं सायन्स रेटलं. पास होत होती, पण घरी आल्यावर पुस्तकाला हात लावत नव्हती. बारावीनंतर हट्टाने बी.कॉम.ला गेली. आता सी.ए.ची आर्टिकलशिप करते आहे. परवा तिची आई सांगत होती, "रात्री दमून येते हो, पण जेवताना आज ऑडिटमध्ये काय सापडलं, तेच सांगत बसते."